यादीत नाव कुणाचं?
(युवक शिबिरातलं भाषण)



मघाशी एकानं विचारलं, अणुकचऱ्याशी आपलं काय देणंघेणं? आपल्या वस्तीत नळाला पाणी नाही. बरोबर आहे. पण घाण कुणाच्या दारात टाकायची, हा प्रश्न इथल्या व्यवस्थेनं हजारो वर्षं कसा सोडवला ते तुम्हाला सांगायला नको. मेलेली ढोरं कुणी ओढली? देवनारच्या डम्पिंगला लागून कोण राहतं? म्हणून आज ऑस्ट्रेलियाची गोष्ट. तिथल्या मूळ रहिवाशांनी २६ जानेवारी १९७२ ला कॅनबेरात पार्लमेंटसमोर तंबू ठोकला. त्याच साली मुंबईत पँथर उभी राहिली. तेव्हा ही माणसं परकी नाहीत.

कमी पातळीचा किरणोत्सर्गी कचरा म्हणजे हातमोजे, कागद, कोट, प्लास्टिक, दूषित माती. ड्रमात भरायचा, काँक्रीटच्या कोठड्यांत ठेवायचा आणि दोन-तीनशे वर्षं राखण करायची. हे जमण्यासारखं काम आहे, उगाच बाऊ नको. दवाखान्यात लागणारी किरणोत्सर्गी औषधं सिडनीजवळ लुकास हाइट्सच्या अणुभट्टीत बनतात. कचरा होणारच. मेख वेगळीच आहे. या 'कमी'च्या पाठोपाठ मध्यम पातळीचाही माल येणार होता. वापरलेलं इंधन फ्रान्सला पाठवलं, त्यातून उरलेला कचरा २०१५ ला परत आला, तो हजारो वर्षं जहाल. तो म्हणे 'तात्पुरता' ठेवायचा. यांचं तात्पुरतं म्हणजे काही दशकं!

जागा शोधली दक्षिण ऑस्ट्रेलियात, किंबा नावाच्या गव्हाच्या गावाजवळ. गावापुढं ३ कोटी १० लाख डॉलरचं गाजर धरलं. २०१९ च्या नोव्हेंबरात मतदान झालं: हो ४५२, नाही २८२. सरकार म्हणालं, बघा, लोकांनाच पाहिजे.

कोणते लोक? मतदारयादी कौन्सिलच्या हद्दीपुरती. तो मुलूख मुळात बार्नगार्लांचा. आसपासच्या जमिनीवर त्यांचा परंपरागत हक्क कोर्टानं मान्य केलेला. पण गोऱ्यांच्या वसाहतीनं त्यांना आधीच पांगवलेलं, बहुतेक जण हद्दीबाहेर राहतात. म्हणून यादीत नाव नाही. आधी गावाबाहेर काढायचं, मग म्हणायचं तुम्ही गावकरी नाही! आम्हालाही मत द्या म्हणून ते कोर्टात गेले. कोर्टानं नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतःचं मतदान घेतलं. ८३ मतं पडली. ८३ च्या ८३ 'नाही'. तरी २०२१ ला मंत्र्यानं नापंडीची जागा जाहीर करून टाकली.

बार्नगार्ला पुन्हा कोर्टात गेले. १८ जुलै २०२३ ला फेडरल कोर्टानं निर्णय रद्द केला. मंत्र्यानं आधीच मन बनवलं होतं असं कुणालाही वाटावं, अशी त्याची वागणूक होती, हे कारण. ऑगस्टात सरकारनं गाशा गुंडाळला.

ही पहिली खेप नव्हे. १९९८ ला सरकारनं त्याच प्रांतातल्या वाळवंटावर डोळा ठेवला, तेव्हा कुबर पेडीच्या म्हाताऱ्या बाया उठल्या. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी त्यांच्या मुलखात अणुबॉम्ब फोडले होते, ते या बायांनी अंगावर झेललेलं. त्यांच्या मोहिमेचं नाव 'इराती वांती', म्हणजे ते विष आहे, राहू द्या. या बायांनी सहा वर्षं सरकारला दमवलं आणि २००४ ला ते मागे हटलं. मग उत्तरेत मकाटी. तिथला प्रस्ताव २०१४ ला कोर्टात खटला चालू असतानाच मागे घेतला गेला. तिन्ही खेपेला बोट मूळ रहिवाशांच्या भूमीकडंच गेलं, आणि तिन्ही खेपेला तिथूनच ते परतवलं गेलं.

कचरा मात्र संपलेला नाही. लुकास हाइट्सला आहे, वूमेराला मातीचे हजारो ड्रम आहेत. २०२१ च्या करारानं अणुपाणबुड्या यायच्या आहेत, त्यांचा वेगळाच. पुढची जागा शोधताना यादी कोण करणार, हे मला विचाराल तर बार्नगार्लांनी आतापासूनच मागून ठेवावं.

आता प्रश्न विचारा. आधी मागे बसलेल्या पोरींनी.