डरकाळीतून सुराकडे

मेटलकोर, म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण, लागलं की अनेकांचा हात रेडिओ बंद करायला जातो. आज तो हात जरा थांबवा. या संगीतातला गायक जोखायचा असतो तो डरकाळीतून सुरात येण्याच्या वळणावर. ते वळण ऐकण्यासाठी आपण एकच आवाज घेऊ: अमेरिकेतल्या ओहायोचा हॉवर्ड जोन्स.

आधी डरकाळीविषयी. जाणता गायक घसा खरवडत नाही. स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. श्वासाचा नेमका दाब देऊन तो ती थरथरवतो. दम तोकडा पडला की सगळा भार घशावर येतो आणि आवाज बसतो. म्हणून शब्द कळले नाहीत तरी श्वासाकडे कान ठेवा. ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत जोर टिकतो का, ते पाहा. जोन्सचा टिकतो.

सुरुवातीला तो कनेक्टिकटच्या 'ब्लड हॅज बीन शेड' या बँडमध्ये होता. तिथल्या गिटारी सतत ताल मोडतात. लांब सूर धरायला गायकाला जागा थोडीच मिळते. 2002 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या 'किलस्विच एंगेज' या बँडचा गायक जेसी लीच बाहेर पडला आणि त्याच्या जागी जोन्स आला. लोकांच्या ओठांवर बसलेली दुसऱ्याची गाणी मंचावर गायची, हे सोपं नव्हतं. पण 2004 मध्ये 'द एंड ऑफ हार्टएक' हा अल्बम आला आणि त्याचं शीर्षकगीत ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं. ते गाणं जरूर ऐका. आरंभीच्या हाका खरखरीत आहेत. मग तोच माणूस भरदार, खर्जाकडे झुकलेल्या आवाजात ध्रुवपद उचलतो. रागावलेल्या माणसाला बोलता बोलता रडू फुटावं, तसं ते वळण येतं. मेटलकोरमध्ये याहून सुंदर जागा मला फार थोड्या माहीत आहेत.

2012 मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. मधुमेहाने त्याची प्रकृती ढासळली होती, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं. लीच परत आला. जोन्स 'डेव्हिल यू नो' या नव्या बँडमध्ये गाऊ लागला. 2014 च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये संताप पुन्हा जड झालेला आहे. पुढे बँडचं नाव 'लाइट द टॉर्च' झालं आणि 2018 च्या 'रिव्हायव्हल'मध्ये गाणं वाढलं, डरकाळी मोजकी उरली. काही चाहते हिरमुसले. मला मात्र हाच जोन्स अधिक धीट वाटतो, कारण गिटारींच्या त्या भिंतीसमोर तो उघड्या आवाजाने उभा राहतो.

आता कानांची परीक्षा घ्या. 2019 मध्ये 'किलस्विच एंगेज'च्या 'द सिग्नल फायर' या गाण्यात लीच आणि जोन्स एकत्र गायले. चित्रफीत न पाहता, नुसतं ऐकून ओळखा: कुठली ओळ कोणाची?