बोंडाचं टोक आणि जवसाची चटणी



कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाचं वाळलेलं टोक नखाशेजारी रुततं आणि दुपारपर्यंत बोट लालबुंद होऊन ठणकायला लागतं. यवतमाळ जिल्ह्यात हे कुणाला सांगायला नको. तो ठणका म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कामाला लागल्याची खूण.

या पेशींना बोलावणं जातं कसं? प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं अतिशय पातळ आवरण असतं. आपण खाल्लेल्या तेलातली मेदाम्लं त्यात जाऊन बसतात. इजा झाली की पेशी आवरणातलं ॲराकिडोनिक आम्ल सुटं करते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन अशी द्रव्यं बनवते. पहिल्यामुळे लाली नि ठणका येतो, दुसरं आणखी पेशींना हाक मारतं. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, हे शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

ॲराकिडोनिक आम्ल शरीर घडवतं ते लिनोलेइक आम्लापासून. सरकीच्या आणि सोयाबीनच्या तेलात ते निम्म्याच्या आसपास असतं. म्हणजे बोट टोचणारी पऱ्हाटीच ठणक्याचा कच्चा मालही पुरवते! तरी या आम्लाला उगाच बदनाम करू नका. ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, आणि जास्त खाल्ल्यानं सूज वाढते असं माणसांवरच्या चाचण्यांत सहसा दिसलेलं नाही. ताटात उणीव असते ती दुसऱ्या बाजूची, ओमेगा-3 गटातल्या मेदाम्लांची.

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-3 असतं. त्यातल्या थोड्याशाच भागाचं शरीर ईपीए हे दुसरं ओमेगा-3 मेदाम्ल करतं. ते आवरणात बसलं की पेशींची हाक सौम्य होते, शिवाय त्यापासून रिझॉल्व्हिन बनतात. काम उरकलं की सूज आवरती घ्यायला लावणारी ही द्रव्यं. समुद्राच्या मासळीत ईपीए तयारच मिळतं, पण आपल्याकडे समुद्र कुठला? आपली भिस्त चटणीवर. बोट पिकलं तर मात्र सरळ डॉक्टरांकडे जा. चटणी हे औषध नव्हे.

जवस मंद आचेवर भाजा, तडतडला की उतरवा. सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटा. अख्खे दाणे पुष्कळदा न पचताच बाहेर पडतात, तेव्हा कुटायचा कंटाळा नको. जवसाचं तेल हवेत लवकर सुकतं, म्हणून रंगवाल्यांना प्रिय. त्याच गुणानं चटणीही लवकर खवट होते. आठवड्यापुरतीच करा, आणि भाकरीसोबत खाताना वरून जवसाचं तेल घ्यायचं तर कच्चंच घ्या.