अंगणातला फेर

भाद्रपद आला की रायगडच्या किनाऱ्यावर मृदंगाच्या वाद्या आवळल्या जातात. मुंबईचा चाकरमानी घरी येतो आणि गणपतीच्या अंगणात जाखडी उभी राहते. मधोमध गाणारे बुवा, मृदंग आणि झांज. भोवती आठ-दहा गड्यांचा फेर, एका पायात चाळ. आधी गण, मग गवळण, आणि रात्र चढली की शक्तीवाले व तुरेवाले यांचे सवाल-जवाब. पार्वती श्रेष्ठ की शंकर, हा वाद पहाटेपर्यंत चालतो आणि कधीच मिटत नाही.

मुंबईकरांनी या नाचाला 'बाल्या डान्स' म्हटलं. कोकणातून आलेले घरगडी कानात बाळी घालत, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. नावात थोडी थट्टा आहे. पण नाचणाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही.

हा नाच मी कायम ओटीवरून पाहिला. आमच्याकडे बायकांनी गौरीपुढे फुगड्या घालायच्या आणि जाखडीचा फेर पुरुषांनी धरायचा. त्यामुळे श्रीवर्धन तालुक्यातल्या एका शाळेत जाखडीचं दोन दिवसांचं शिबिर आहे आणि बायकांनाही प्रवेश आहे असं कळलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. आम्ही वीस जण होतो, त्यांत बारा बायका. आठ पुरुषांपैकी सहा चाळिशी ओलांडलेले. गावात आज कोण उरलंय, ते या हजेरीवरूनच कळत होतं.

शिकवणारे बुवा सत्तरीपलीकडचे. त्यांनी आम्हाला पावलं मोजू दिली नाहीत. "आकडे मोजलेस की मृदंग ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. सकाळभर नुसतं गोलात चालायला लावलं. चाळ एकाच पायात का, हे तेव्हा समजलं. चाळेचा पाय ठोका सांगतो, दुसरा अंग पेलतो. दहा जणांचे दहा पाय एकदम पडले की एकच आवाज येतो. एक जरी चुकला तरी सगळ्यांना कळतं. फेरात लपायला जागाच नसते.

दुसऱ्या दिवशी समारोपाचा कार्यक्रम रंगमंचावर ठरला. प्रेक्षकांकडे कुणाची पाठ नको, म्हणून फेर मोडून दोन ओळी करा, अशी सूचना आली. बुवा म्हणाले, "ओळीत उभं ऱ्हायलात तर गाणाऱ्याचं तोंड कोण बघणार?" अखेर अर्धा फेर ठेवून तोडगा निघाला.

हा पेच फक्त आपलाच नाही. इजिप्तमध्ये लग्नाकार्यात, घराघरांत चालणाऱ्या नाचाला 'बलदी' म्हणतात, म्हणजे आपल्या मुलखातला. १९२६ मध्ये बदिया मसाबनी या बाईंनी कैरोत रंजनगृह काढलं आणि तो नाच मोठ्या मंचावर आला. पाश्चात्त्यांनी त्याला पोटावरून नाव दिलं. तिथले लोक त्याला 'रक्स शर्की', पूर्वेचा नाच, म्हणतात. पुढे १९५९ मध्ये महमूद रेदा यांनी लोकनृत्यांचं पथक उभारलं. गावोगावचे नाच पाहून त्यांनी ते मंचासाठी नव्याने बसवले आणि देशोदेशी शिबिरं घेतली. त्यामुळे हे नाच जगभर पोचले. मात्र मंचावरचा नाच आणि गावातला नाच एकच राहिला नाही.

मग शिबिरं नकोत का? मला तसं वाटत नाही. पाऊल शिबिरात शिकता येतं. समोरच्या बुवाने टाकलेल्या सवालाला तिथल्या तिथे जवाब देणं मात्र रात्र जागवल्याशिवाय येत नाही. ते अंगणातच येतं. पण ज्या अंगणाने आम्हा बायकांना ओटीवर बसवलं, त्या नाचाची चाळ आमच्या पायात पहिल्यांदा बांधली ती शिबिराने, हेही विसरून चालणार नाही. काही गावांत आता मुलींचे संचही उभे राहत आहेत.

गावातल्या मंडळांना माझं एवढंच सांगणं आहे. दरवर्षी नाचणारे कमी पडतात, अशी तुमची तक्रार असते. माणसं गावातच आहेत, ओटीवर बसलेली आहेत. येत्या गणपतीत फेर धराल तेव्हा दोन जागा त्यांच्यासाठी ठेवा. मृदंगाला पाय कुणाचा आहे ते कळत नाही. तो ठोक्यावर पडला म्हणजे झालं.