रुपयाचं चिन्ह आणि आपला हिशेब



आजचा विषय छोटा आहे, की-बोर्डवरच्या एका बटणाएवढा. पण गटाचा हिशेब संगणकावर लिहिणाऱ्या बाईला तो रोज आडवा येतो. रुपयाचं चिन्ह, म्हणजे दोन आडव्या रेघांचा तो ₹, संगणकावर कसा उमटवायचा? तो दिसत नसेल तर काय करायचं? आणि त्याच्या पायी बेरीज कशी चुकू शकते? हे आज आपण बघू. वही-पेन जवळ घेऊन बसा. चार-पाच गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत.

आपण लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाबद्दल बोलणार आहोत. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ व्यवस्था, विंडोज असते तशीच. फरक असा की ती वापरायला पैसे पडत नाहीत आणि तिचे हलके प्रकार जुन्या संगणकावरही चालतात. उबुंटू हा तिचा एक प्रकार. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेनं तयार केलेला बॉस हा दुसरा. त्यावर पत्र लिहायला आणि हिशेब मांडायला लिबर ऑफिस असतं, तेही मोफत. गटाला किंवा ग्रामसंघाला कुणी जुना संगणक दिला, तर त्यावर लिनक्स टाकून काम सुरू करता येतं. म्हणून हे शिकून घेतलेलं बरं.

आधी या चिन्हाची थोडी ओळख करून घेऊ. रुपया जुना, पण त्याचं हे चिन्ह नवं आहे. पूर्वी आपण मराठीत 'रु.' लिहायचो आणि इंग्रजीत 'आर एस'. केंद्र सरकारनं चिन्हासाठी स्पर्धा ठेवली, तिला तीन हजारांवर नमुने आले. त्यातून मुंबईच्या आयआयटीत शिकणाऱ्या डी. उदय कुमार यांचा नमुना निवडला गेला. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळानं त्याला मान्यता दिली. आपला देवनागरी र आणि उभी रेघ काढून टाकलेला इंग्रजी आर, असे दोन्ही त्यात आहेत. २०११ पासून नाण्यांवरही ते आलं.

चिन्ह मंजूर झालं, पण संगणकाला ते माहीत कुठे होतं? ही पुढची गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे.

संगणक अक्षर ओळखतो ते नंबरानं. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आणि चिन्हांना एकेक नंबर दिलेला आहे. त्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. आपल्या क, ख, ग लाही असेच नंबर आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये रुपयाच्या चिन्हाला नंबर मिळाला. तो असा: दोन, शून्य, इंग्रजी बी, नऊ. हा वहीत लिहून ठेवा.

आपण बटण दाबतो तेव्हा संगणक हा नंबर साठवतो. मग पडद्यावर त्या नंबराचं चित्र काढायचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या वळणांचा संच. म्हणजे कामं दोन झाली. नंबर बरोबर साठवला गेला पाहिजे, आणि फॉन्टकडे त्या नंबराचं चित्र पाहिजे. नंबर म्हणजे सभासदाचं नोंदवहीतलं नाव आणि फॉन्ट म्हणजे तिचा फोटो, असं समजा. फोटो नसला तरी नाव असेल तर सभासद आहेच. पण नावच दुसरीचं लिहिलं असेल, तर फोटो लावून काय उपयोग?

आता चिन्ह उमटवायच्या रीती बघू. आम्ही चार सांगतो. तुम्हाला जी सोयीची वाटेल ती एकच पक्की करा.

पहिली रीत रोज टायपिंग करणाऱ्यांसाठी. हल्लीच्या पुष्कळ की-बोर्डांवर चारच्या बटणावर ₹ छापलेला असतो. तरी ते बटण दाबलं की नुसता चार येतो, आणि शिफ्ट धरून दाबलं की डॉलर येतो. बटणावर काय छापलंय याच्याशी संगणकाला देणंघेणं नसतं. आपण कोणती मांडणी निवडली आहे, ते तो बघतो. उबुंटूमध्ये सेटिंग्ज उघडा, त्यात कीबोर्ड, त्यात इनपुट सोर्सेस. तिथे अधिकचं चिन्ह दाबून 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' ही मांडणी जोडा आणि टाइप करताना तीच निवडा. मग स्पेस बारच्या उजव्या हाताचं ऑल्टचं बटण दाबून धरायचं आणि चार दाबायचा. ₹ उमटतो. डावा ऑल्ट चालत नाही, उजवाच हवा. मांडणी एकदा जोडली की ती तिथेच राहते.

दुसरी रीत लक्षात ठेवायला सोपी आहे. त्याच कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'कंपोज की' असं असतं. तिथे सहसा न लागणारं एखादं बटण निवडा, समजा उजवीकडचं कंट्रोल. मग ते बटण दाबून सोडायचं, नंतर शिफ्टसह आर, नंतर बरोबरचं चिन्ह. आर आणि दोन आडव्या रेघा मिळून ₹. हातानं काढतो तसंच.

तिसरी रीत नंबराची. दुसऱ्याच्या संगणकावर बसलो आणि सेटिंगला हात लावायचा नसेल तर ही कामाला येते. कंट्रोल आणि शिफ्ट धरून यू दाबायचं. पडद्यावर अधोरेखित यू दिसतो. बटणं सोडून आपला नंबर टाइप करायचा: दोन, शून्य, बी, नऊ. मग एंटर. उबुंटूमध्ये बऱ्याच ठिकाणी हे चालतं.

चौथी रीत लिबर ऑफिसमधली. तोच नंबर टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. नंबर जाऊन त्या जागी ₹ येतो. या दोन्ही रीतींत अंक इंग्रजीच टाइप करायचे. हेही लक्षात राहत नसेल, तर इन्सर्टच्या यादीतून स्पेशल कॅरेक्टर उघडा. तिथे चित्रं बघून चिन्ह निवडता येतं.

उमटवायचं जमलं. आता दिसत नाही म्हणजे काय, ते बघू. यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला प्रकार: ₹ च्या जागी रिकामा चौकोन दिसतो. घाबरू नका. नंबर बरोबर आहे, फक्त फॉन्टकडे चित्र नाही. इथे काहीही पुसून पुन्हा टाइप करत बसू नका. मजकूर निवडा आणि फॉन्ट बदला. नोटो आणि लोहित हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. त्यांत देवनागरी अक्षरंही आहेत आणि ₹ ही आहे. संगणकावर नसतील तर सॉफ्टवेअरच्या यादीतून ते घालता येतात. बाहेर पाठवायचा कागद असेल तर आणखी एक करा. लिबर ऑफिसमधून तो पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधून जातो, त्यामुळे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी त्याला बरोबर दिसतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. ₹ च्या जागी भलतंच चिन्ह दिसतं, बहुतेक वेळा एकच्या बटणाच्या डावीकडे असते ती तिरकी टिंबासारखी खूण. हे का होतं? चिन्ह नवीन होतं तेव्हा काही फॉन्टांनी एक युक्ती केली होती. त्या तिरक्या खुणेच्या जागी त्यांनी रुपयाचं चित्र बसवलं. त्या संगणकावर ₹ दिसायचा, पण आत साठवलेला नंबर त्या खुणेचाच असायचा. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की मुखवटा गळून पडायचा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे उघडला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो ना? त्याचंही कारण हेच.

अशी जुनी फाइल हाती आली तर आधी तिची एक प्रत काढून ठेवा. मग कंट्रोल धरून एच दाबा. शोधा आणि बदला अशी चौकट येते. वरच्या ओळीत ती भलती खूण टाका, खालच्या ओळीत खरा ₹, आणि एकेक ठिकाण बघत बदला. तसंच, चिन्हाचं चित्र कुठून तरी उचलून कागदात चिकटवण्याची सवय लावू नका. चित्र दिसतं छान, पण संगणकाच्या लेखी ते अक्षर नसतं. ते शोधता येत नाही आणि ओळ हलली की ते भलतीकडे जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे गटाच्या सचिवबाईंनी जरूर ऐकावं.

लिबर ऑफिसमध्ये हिशेबाची पानं असतात, त्याला कॅल्क म्हणतात. त्यात चौकटीत 'रु. २००' असं टाइप केलं, की संगणक त्याला रक्कम मानत नाही, मजकूर मानतो. संगणकाची सेटिंग भारताची नसेल तर '₹२००' चंही तेच होतं. आणि सम नावाची बेरीज मजकूर मोजतच नाही, सरळ सोडून देते. समजा पाच जणींनी दोनशे-दोनशे रुपये बचत भरली. तिघींच्या चौकटीत नुसता आकडा आहे आणि दोघींच्या चौकटीत 'रु.' लावलेलं आहे. बेरीज यायला हवी हजार, येते सहाशे. चूक झाली असं संगणक सांगत नाही. पेटीत हजार आणि कागदावर सहाशे! मग बैठकीत एकमेकींकडे संशयानं बघणं सुरू होतं. दोष मात्र कुणाचाच नसतो, चौकटीत शिरलेल्या दोन अक्षरांचा असतो.

म्हणून नियम असा: चौकटीत फक्त आकडा भरायचा. चिन्ह संगणकाला लावू द्यायचं. चौकटी निवडून फॉरमॅट सेल्स उघडायचं, त्यात करन्सी, आणि यादीतून भारताचा रुपया निवडायचा. सगळ्या आकड्यांपुढे ₹ येतो आणि आतला आकडा आकडाच राहतो. दीड लाखाला १,५०,००० असा आपल्या पद्धतीचा स्वल्पविरामही मिळतो. ओळखायची खूण अशी, की आकडा चौकटीत उजवीकडे चिकटून बसतो आणि मजकूर डावीकडे. सगळी रांग उजवीकडे आणि एखादीच रक्कम डावीकडे दिसली, तर ती चौकट तपासा. आणि दर महिन्याची बेरीज एकदा कॅल्क्युलेटरवर पडताळून बघा.

कागद छापून दिला की आपलं काम संपतं असंही नाही. हातानं लिहिताना ₹ घाईत काढला, तर तो इंग्रजी सातासारखा दिसू शकतो. मग पाचशेचे साडेसात हजार वाचले जायला वेळ लागत नाही. पावतीवर हातानं लिहायचं तर 'रु.' लिहा. त्यात काही कमीपणा नाही. आपल्या वाडवडिलांची जुनी पद्धतही सोडू नका: आकड्यामागे तिरकी रेघ आणि आडवी रेघ, आणि खाली 'अक्षरी रुपये पाचशे फक्त'. पुढे चिन्ह, मागे रेघ, म्हणजे कुणाला आकडा वाढवायला जागाच राहत नाही. आणि चिन्ह बिघडलं, चौकोन आला, तरी अक्षरी रक्कम साक्षीला असते. पापड-मसाल्याच्या पाकिटावर किमतीचं लेबल लावत असाल, तर शंभर लेबलं छापण्याआधी एकच छापून बघा. पडद्यावर दिसलं म्हणजे कागदावर उमटेलच, असं धरून चालू नका.

मोबाइलवरचंही एक सांगतो. फोनच्या कीबोर्डवर अंकांच्या पानावर ₹ सहसा असतो. पण साध्या एसएमएसमध्ये जपून वापरा. इंग्रजी अक्षरांतला एक संदेश १६० अक्षरांचा असतो. त्यात ₹ टाकला की तोच संदेश ७० अक्षरांचा होतो, कारण एसएमएसच्या जुन्या अक्षरसंचात हे चिन्ह नाही. एका संदेशाचे दोन-तीन होतात. सभासदांना हप्त्याची आठवण इंग्रजी अक्षरांतून पाठवत असाल, तर साधं 'आर एस' लिहिलेलं परवडतं.

ज्यांना हे बघत बघत शिकायचंय, त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा मोफत उपक्रम आहे. लिनक्स आणि लिबर ऑफिसचे छोटे-छोटे पाठ त्यात आहेत, आणि मराठीतूनही ऐकता येतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाचा हिशेब ज्या संगणकावर होतो, तिथे दोघी-तिघींनी मिळून बसा. एकीनं ₹ उमटवावा, दुसरीनं तोच कागद वेगळ्या संगणकावर किंवा फोनवर उघडून बघावा. तिसरीनं हिशेबाच्या रांगेत डावीकडे चिकटलेली रक्कम शोधावी. एकीलाच सगळं येतंय आणि बाकीच्या नुसत्या सह्या करताहेत, असं होऊ देऊ नका. पैसा सगळ्यांचा आहे, तर तो कागदावर कसा उतरतो हेही सगळ्यांना कळलं पाहिजे.

काही अडलं तर आपल्या केंद्रावर कळवा. नमस्कार.