थकव्याची खूण

परळच्या एखाद्या चाळींत पाण्याची कळशी घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाणारी बाई दर जिन्याला थांबूं लागली, कीं घरचीं माणसें प्रथम तिला आळशी ठरवितात. ताप यंत्रानें मोजतां येतो. थकवा मात्र सांगावा लागतो आणि तो खरा मानणें ऐकणाराच्या हातीं असतें. अशाच एका थकव्याची खूण रक्तांत शोधण्याचें काम परळांतच झालें होतें.

१९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें काम करूं लागल्या. त्या काळीं येथल्या गरीब गरोदर स्त्रिया, विशेषतः मुसलमान वस्तींतल्या, पांढऱ्याफटक पडत, चार पावलें चालून धापा टाकीत, आणि कित्येक बाळंतपणांत दगावत. त्यांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलें तेव्हां तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसल्या. लोह कमी पडलें तर पेशी लहान होतात. येथें नेमकें उलट होतें!

जंतूंचा संशय घेऊन पाहिला, तो टिकला नाहीं. मग विल्सबाई स्वयंपाकघराकडे वळल्या. तळपदे यांच्यासह त्यांनीं या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली. फळें व भाजीपाला ताटांत फारच थोडा आढळला. अखेर औषध निघालें तें मार्माइट! यीस्टचा हा काळपट, खारट अर्क तोंडाला कसा लागला असेल, हा प्रश्न निराळा. पण तो घेतल्यावर थोड्याच दिवसांत रक्तांत कोवळ्या पेशी वाढूं लागत. ही हकीकत १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आली. त्या अर्कांतलें गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अॅसिड. हें नांव त्याला १९४१ सालीं पालकाच्या पानांवरून मिळालें.

विल्सबाई पुढें लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत १९४७ पर्यंत होत्या. योगायोग असा, कीं १९५५ सालीं त्याच रुग्णालयांतले २९२ कर्मचारी एका विचित्र आजारानें पडले आणि कित्येकांचा थकवा महिनोन् महिने हटला नाहीं. पंधरा वर्षांनीं दोघां मानसरोगतज्ज्ञांनीं त्याला सामूहिक उन्मादाचें लेबल लाविलें. रुग्णांना न तपासतां, केवळ जुन्या नोंदींवरून असा निवाडा देणें घाईचें होतें.

आज अशा आजाराला दीर्घकालीन थकव्याचा विकार म्हणतात. त्याची रक्तांतली खूण सर्वमान्य झालेली नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें २० रुग्ण व २० निरोगी माणसें यांच्या रक्तपेशींवर मिठाचा ताण देऊन त्यांचा विजेला होणारा विरोध मोजला. रुग्णांच्या पेशी निराळ्या वागल्या. परंतु चाळीस माणसांवरून दवाखान्यांतली चाचणी होत नाहीं. म्हणून दादर-लालबागच्या डॉक्टरला हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर हीं तपासून इतर रोग वगळावे लागतात, आणि मग विचारावें लागतें: हें सहा महिन्यांहून अधिक चाललें आहे काय? झोपून उठल्यावर हुशारी येते काय? आणि काल चार कामें अधिक केलीं, तर आज अंथरुणांतून उठवतें काय?