लम्पीचा विषाणू वाचताना



२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ पसरली, गुरांचे बाजार बंद झाले आणि गोठ्यागोठ्यांत लसीकरण सुरू झालं. गाईंना टोचली ती लस मात्र शेळ्यांच्या देवीवरची होती. शेळीची लस गाईला कशी लागू पडणार? पशुपालकांची ही शंका अगदी रास्त होती.

उत्तराची सुरुवात २००१ सालीच झाली होती. त्या वर्षी अमेरिकेतल्या प्लम आयलंड इथल्या शास्त्रज्ञांनी लम्पीच्या विषाणूचा अख्खा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. तो डीएनएचा एकच लांब धागा आहे. त्यात सुमारे एक लाख एक्कावन्न हजार अक्षरजोड्या आणि १५६ संभाव्य जनुकं. धाग्याच्या दोन्ही टोकांना साधारण चोवीसशे जोड्यांचा तोच मजकूर, एकीकडे सुलट, दुसरीकडे उलट.

खरी गंमत जनुकांच्या मांडणीत आहे. गावठाण पिढ्यान्‌पिढ्या जागचं हलत नाही, नव्या वस्त्या उठतात त्या वेशीबाहेर, इथंही तसंच. मधल्या पट्ट्यात डीएनएची नक्कल करणारी, विषाणूचं अंग घडवणारी जनुकं बसली आहेत. देवीच्या कुळातल्या इतर विषाणूंतही ती बहुतेक याच क्रमानं सापडतात. टोकांकडे मात्र चोरटा कारभार! जनावराच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी जनुकं तिथं. त्यातलं एक तर इंटरल्युकिन-१० या प्रथिनाची नक्कल करतं. हे प्रथिन शरीर स्वतःच दाह आवरण्यासाठी वापरतं.

पुढच्याच वर्षी मेंढी आणि शेळीच्या देवीचे विषाणू वाचले गेले. लम्पीशी त्यांचं साम्य तब्बल ९६-९७ टक्के! त्यामुळे शेळीच्या लसीनं तयार झालेली प्रतिकारशक्ती लम्पीलाही ओळखते. फरक आहे तो मुख्यतः नऊ जनुकांचा. लम्पीत ती शाबूत आहेत, मेंढी-शेळीच्या विषाणूंत मोडलेली. गाईच्या अंगात तग धरायला हीच जनुकं कामी येत असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

हे वाचन एकदा करून भागत नाही. २०१७ मध्ये रशियातल्या साराटोव्ह भागात लम्पीचा एक विषाणू सापडला. त्याचा एक तुकडा तपासला तर तो लसीतला वाटे, दुसरा तपासला तर साथीतला. संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर उलगडा झाला: जिवंत लसीतला आणि साथीतला, अशा दोन विषाणूंच्या जनुकांची त्यात सरमिसळ झाली होती.