परसबागेतील लाल अंबाडी
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



विवाहखर्च, विद्यार्थिनिधी अशा भारदस्त विषयांनंतर आम्ही एका भाजीविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्वारीच्या कण्या घालून शिजविलेली व वरून लसणाची चरचरीत फोडणी दिलेली अंबाडी ज्यांनी भाकरीबरोबर खाल्ली आहे, त्यांस या विषयाची थोरवी पटवून द्यावी लागणार नाही. गाव सुटले, शेत सुटले. भाजीची जुडी मंडईत मिळते, म्हणून बी धरून ठेवण्याचा रिवाजही आपल्या बहुतेक घरांतून गेला. तो पुन्हा कसा सुरू करता येईल, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा. अंबाडी या एकाच नावाखाली दोन झाडे वावरतात. एक वाखाची, शेताच्या कडेने पेरून तिचे दोर वळीत. दुसरी लाल अंबाडी. हिचीही पाने आंबट. पण फूल गळून गेल्यावर फळाभोवतीची लाल दळे फुगून मांसल होतात. सरबत, चटणी, मुरंबा होतो तो या बोंडांचा. सुदान व इजिप्त या देशांत हेच पेय ‘करकदे’ या नावाने पाहुण्यांपुढे येते. लाल अंबाडीतही वाखासाठीच वाढविलेली, सरळसोट उंच जाणारी जात आहे. तेव्हा ‘अंबाडीचे बी द्या’ म्हणून भागत नाही. ज्यांच्या झाडास भरदार बोंडे येतात, त्यांच्याकडूनच बी मागावे.

आता पेरणी. हे झाड माळ्याचे ऐकत नाही, सूर्याचे ऐकते. दिवस लहान होऊ लागला की त्यास कळ्या येतात, मग झाड कमरेइतके असो की वीतभर. मृगाच्या पावसावर पेरलेल्या झाडास वाढीसाठी तीन-चार महिने मिळतात व ते माणसाच्या उंचीचे होऊन बोंडांनी लवते. तेच बी भाद्रपदात टाकले, तर गुडघ्याएवढ्या रोपास चार बोंडे येतात आणि दोष मातीस दिला जातो! गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल, तर फुलणे लांबण्याचाही संभव असतो. कुंडी अंधाऱ्या बाजूस ठेवावी.

बी रात्रभर पाण्यात भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पुरावे. परसात दोन झाडांत तीन फूट अंतर असावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी दीड फुटी कुंडीत एकच रोप ठेवावे. ऊन भरपूर हवे, पाणी मात्र तुंबता कामा नये. रोप हातभर झाले की शेंडा खुडावा. त्याची भाजी होते आणि झाडास फांद्या फुटतात, म्हणजे बोंडांची जागा वाढते. गेल्या वर्षी जेथे भेंडी होती, तेथे अंबाडी लावू नये. दोघी एकाच कुळातल्या, आणि मुळांवर गाठी आणणारी कीड दोघींस सारखीच प्रिय.

पिवळे, मध्यभागी गडद लाल असे फूल एका दिवसाचेच. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत बोंड तोडण्याजोगे होते. ते कोवळे व रसरशीत असतानाच तोडावे, आतील हिरवी गाठ काढून टाकावी आणि दळे सावलीत वाळवावीत. ही आंबट वस्तू कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात शिजवू नये, हे जुन्या गृहिणींस सांगावयास नको, नव्यांसाठी सांगतो.

बियाण्याविषयी मात्र आमचा आग्रह आहे. चांगली बोंडे खाऊन संपवावयाची आणि उरलीसुरली बियांसाठी ठेवावयाची, ही रीत वाईट. उत्तम झाडाची पहिल्या बहराची पाच-सहा बोंडे दोरा बांधून राखावीत. ती झाडावरच तपकिरी होऊन तडकू लागली की काढावीत. त्यांवरील बारीक लव बोटांत रुतते, म्हणून फडके घ्यावे. या झाडाचे परागण बहुतांशी स्वतःच्याच फुलात होत असल्याने बी सहसा वाण सोडीत नाही.

ज्या कुटुंबांकडे गावाकडील बी अद्याप आहे, त्यांनी पुढील संमेलनास चिमूटभर बी कागदाच्या पुडीत बांधून आणावे. पुडीवर गावाचे नाव, पेरणीचे वर्ष आणि बोंड लाल की हिरवे, एवढे लिहावे. वाटणीचे काम आम्ही पाहू.